वाटसरूचं पान

नवं खायच्या दिवशी भोयांच्या घरात सकाळी सातपासूनच सगळ्यांना भूक लागलेली असते. एरवी बारा वाजेपर्यंत कोणाला जेवणाची आठवण होत नाही. पण नवा भात चुलीवर चढला, त्याचा वास ओटीवर आला, आणि धान्याच्या देवीला, कणसरीला, व घरच्या मेलेल्या माणसांना वाढून होईपर्यंत शितालाही हात लावायचा नाही असं कोणी बजावलं, की चांगली शहाणी माणसं चुलीपाशी घुटमळायला लागतात. सुकऱ्यामामा त्यातले पहिले. ते घरच्या म्हातारीचे, सरूचे, धाकटे भाऊ, वॉर्डाच्या तोंडाशी त्यांची चहाची टपरी. आज टपरी बंद ठेवून ते आठ वाजताच येऊन बसले होते आणि दरवर्षीची गोष्ट दरवर्षीसारखीच सांगत होते.

"दाजी गेला बैल आणाया. भिवंडीकडं. चार दिस पत्ता नाय. पाचव्या दिशी आला तं खांद्यावर कासरा, न् मागं कोणच नाय. मी इचारला, दाजी, बैल चालत येतो का मागून?"

सगळे हसले. दाजी म्हणजे जिवा भोये. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, पण न आणलेल्या बैलाची गोष्ट काही मेली नव्हती. सरू तेवढी हसली नाही. मागच्या दाराशी बसून ती सागाची पानं पुसत राहिली. मेलेल्या नवऱ्याची चेष्टा तिला आवडत नसणार, असं सगळ्यांनी केव्हाच धरून टाकलं होतं.

सरूची धाकटी सून प्रतिभा पायरीवर बसली. तिला आज उशीर झाला होता, आणि उशीर झाला की ती जरा चिडलेली असायची. नगरसेविका झाल्यापासून तिचा एक नेम होता. रोज सकाळी सातला वॉर्डाच्या ग्रुपवर बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. "राम राम, मी प्रतिभा भोये बोलते." आज पाणी किती वाजता येणार, वीज कधी जाणार, कुठल्या गटारावरची फरशी फुटलीय आणि पोरांनी कुठून जायचं, सगळं. बाकीचे नगरसेवक लिहून पाठवत. तिच्या वॉर्डातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनाही कार्यालयाची भाषा दोनदा वाचून कळत नव्हती. म्हणून ती बोलायची, आणि घरात बोलतो तशी बोलायची. तीनशे चाळीस फोनांवर तिचा आवाज जायचा. ज्यांच्याकडे फोन नाही ते मामांच्या टपरीवर ऐकायचे. मामा तो आवाज असा मोठा करून लावायचे, की जणू नळाला पाणी त्यांनीच सोडलंय.

एक गोष्ट तिने भांडून मिळवली होती, आणि तिचा तिला अभिमान होता. रेशनच्या यादीतून कोणाचंही नाव मयत म्हणून खोडण्याआधी ती यादी वॉर्डात मोठ्याने वाचायची. खालच्या आळीतल्या जगनची आई गेल्या वर्षी चालती-बोलती असताना कागदावर मेली होती. चार महिने बिचारी धान्यावाचून राहिली. तेव्हा प्रतिभा बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, आधी वाचायची, मग खोडायची. ती बसेना म्हणून असेल, पण सगळ्यांनी मान्य केलं.

आजची यादी साडेआठला फोनवर आली, कागदाचा फोटो काढलेला. हरकत आज पाचपर्यंत. एरवी ती अशी यादी आधी एकदा मनात वाचायची. आज आतून तिचा नवरा पंढरी नारळ कुठंय म्हणून तिसऱ्यांदा विचारत होता, चुलीवर भात होता. तिने सरळ बटण दाबलं.

"राम राम, मी प्रतिभा भोये बोलते. नव्याचा दिस हाय म्हणून उशीर झाला. ही नावां मयत म्हणून आली हायत. यातला कोणी जिता असंल तं पाच वाजायच्या आत मना सांगा." एक झालं, दोन झालं. "तीन, फागी लखमा दोडे." चार, पाच, सहा. "सात, रोहिदास जिवा भोये."

ते नाव तिने बाकीच्या नावांसारखंच वाचलं. आधी तोंडाने म्हटलं आणि मग कानाने ऐकलं. अंगठा आपोआप बटणावरून सुटला, फोनने बारीकसा आवाज केला, आणि निरोप गेला.

आठवं नाव डोळ्यांसमोर होतं आणि ते तिला दिसत नव्हतं.

अंगणात सपना होती, रोहिदासची सोळा वर्षांची मुलगी. काकीचा निरोप आला की लगेच लावायचा ही तिची सवय. रांगोळीचे पांढरे हात फ्रॉकला पुसून तिने लावला. प्रतिभाचाच आवाज अंगणातून प्रतिभाकडे आला. पाणी नव्हतं त्यात आज, वीज नव्हती. "सात, रोहिदास जिवा भोये." पुढे काही नाही.

भाताची पळी हातात घेऊन सपनाची आई, सुनिता, दारात आली. "परत लाव," ती म्हणाली.

सपनाने लावलं नाही. सुनिताने तिच्या हातावर हात ठेवून स्वतःच्या बोटाने दाबलं. सगळ्यांनी दुसऱ्यांदा ऐकलं.

रोहिदास हा सरूचा थोरला. अकरा वर्षांपूर्वी बापाशी भांडून रेतीच्या बोटींवर कामाला गेला. दोन दिवाळ्या त्याचा निरोप आला, मग तोही बंद झाला. सुनिता राहिली. तेव्हा ती सत्तावीसची होती. दोनदा चांगल्या घरची माणसं तिला पाट लावून न्यायला येऊन गेली, आणि दोन्ही वेळा तिने एकच सांगितलं, माझा माणूस जिता हाय. त्या एका वाक्यावर तिने अकरा वर्षं काढली होती, आणि आज ते वाक्य तिच्या जावेच्या आवाजाने मोडलं होतं.

पंढरी बाहेर आला. तो आश्रमशाळेत शिक्षक, घरात सगळ्यात शुद्ध बोलणारा आणि सगळ्यात लवकर घाबरणारा. "पुसून टाक," तो म्हणाला. "सगळ्यांचं पुसता येतं. आधी पुसून टाक."

"दीडशे लोकांनी ऐकलंय," प्रतिभा म्हणाली. फोन थांबत नव्हता. ताई, आवाज तुटला. ताई, रोहिदास म्हणजे आपला का? ताई, पुढची नावं सांगा, आमच्या आजीचं आहे का त्यात?

"हा कोणी लिवला?" सुनिताने विचारलं. ती ओरडली नाही. "आपोआप तं नाय ना जात नाव. कोणतरी देतो तवा जातो." मग ती पंढरीकडे वळली. "भावजी, जामसरच्या वावराच्या कागदाला दोघां भावांची सही लागते, असा म्हणत होतेत ना तुम्ही? पंधरा दिस झाला."

"वहिनी, मी..." पंढरीचा चेहरा पांढरा पडला. "मी असं करीन?"

आणि त्या क्षणी प्रतिभानेही नवऱ्याकडे पाहिलं. पाहायला नको होतं. बारा वर्षांच्या संसारात या माणसाने चहात साखर कमी पडली तरी खोटं बोललेलं तिला आठवत नव्हतं. तरी तिने पाहिलं, आणि तिचं पाहणं त्याने पाहिलं. यापुढे किती वर्षं हे मधे राहणार, हे तिला तिथेच कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

मामांनी बहिणीकडे पाहिलं. "सरू, तू कायतरी बोल."

सरू पानं पुसत होती.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. समोरच्या घरातली फागी म्हातारी काठी टेकत अंगणात आली. तिच्या पायात वहाण नव्हती, इतक्या घाईने आली होती.

"परतिभे," ती म्हणाली, "मी कवा मेली?"

प्रतिभा पायरीवरून उठली.

"नाय, मना सांग तरी. आताच नातवानी लावला तुझा. तीन नंबरला मी. मी शेंगा निवडत बसली होती. हातातली शेंग खाली पडली माझ्या. मेलेली माणूस शेंगा निवडते का?"

मामांना हसू फुटलं, मग सपनाला. हसणं कसलं, बुडणाऱ्याने काठ पकडावा तसं सगळं घर त्या म्हातारीला धरून बसलं. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नव्हता, हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. जन्मभर लावणी करून बोटांच्या रेषाच गेल्या होत्या. तीनदा परत पाठवलं आणि चौथ्यांदा कोणीतरी मारूनच टाकलं.

"बघा," पंढरी म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता. "यादीच चुकीची आहे. सगळीच चुकीची असणार."

सुनिता पायरीवर बसली. पळी अजून तिच्या हातात होती. "बस फागीआये," ती म्हणाली. "जेवून जा."

"बस बस," मामा म्हणाले, "मेलेल्यांना आज पहिला पान हाय."

प्रतिभाने फोन लावला. कार्यालयातला कारकून चांगला माणूस होता, कधीही फोन घ्यायचा. फागीचं ऐकून तो वरमला. मशीनचा घोळ, मॅडम, लगेच दुरुस्त करतो. "आणि सात नंबर?" प्रतिभाने विचारलं. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती, कारण आता तिला भीती वाटत नव्हती. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सात नंबरला दाखला जोडलाय, मॅडम. मृत्यूचा. अर्ज घरातूनच आलाय. फोटो पाठवतो."

फोटो आला. दाखल्यावरची तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती. खाली अर्ज, अर्जाखाली निळ्या शाईचा अंगठा, स्पष्ट, एकेक रेष उठलेली. शेजारी रेशन दुकानदाराच्या अक्षरात लिहिलं होतं, सरू जिवा भोये, मयताची आई.

प्रतिभाने मान वर केली. सरू उठली होती. ओटीवर ती पानं मांडत होती. एक जिवाचं. दोन त्याच्या आईबापांची. एक लहानपणी गेलेल्या नणंदेचं. मग, नेहमीसारखं, उंबऱ्याजवळ जरा बाजूला एक पान. वाटसरूचं. गेली नऊ वर्षं हे पान मांडलं जात होतं. सरूच्या माहेरी, साखरशेतला, तशी चाल आहे, असं घरात सगळे समजून होते. वाटसरू काही येत नसे. मग पानं उचलताना सरू तेवढं पान सुनिताला द्यायची आणि म्हणायची, तूच जेव बाय, तुझा पण माणूस वाटेवर हाय.

प्रतिभाने दाखल्यावरची तारीख पुन्हा पाहिली. तिने मामांना विचारलं. "मामा, साखरशेतला वाटसरूला पान ठेवतात?"

"नाय ग. आमच्यात कवाच नव्हता. मना वाटला भोयांची चाल."

सुनिताने ते ऐकलं. तिने प्रतिभाच्या हातातला फोन घेतला नाही, नुसतं तिच्या तोंडाकडे पाहिलं. प्रतिभाला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. तिची नजर उंबऱ्याजवळच्या पानावर गेली, आणि सुनिताचीही तिथेच गेली.

"आये," सुनिता म्हणाली.

सरू खाली बसली. हातात एक पान उरलं होतं, ते तिने मांडीवर ठेवलं.

"तुझा सासरा बैल आणाया गेलाच नव्हता," ती म्हणाली. "जामसरचा एक पोर आला होता सांगाया. बोट उलटली, आपला रोहिदास बुडला. तुझा सासरा गेला तिकडं. तिथंच जाळला त्याला. कागद घेतला आणि आला. जाताना कासरा मीच दिला खांद्यावर. लोकांनी इचारला तं काय सांगणार?"

सुकऱ्यामामांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. नऊ वर्षं, प्रत्येक नव्याला, प्रत्येक लग्नाला, त्यातली सहा वर्षं जिवा समोर बसलेला असताना त्यांनी ती गोष्ट सांगितली होती, आणि जिवा बसून ऐकायचा. कधीकधी हसायचाही. "दाजींनी मना एकदा तरी मारायचा होता," ते म्हणाले, आणि म्हातारा माणूस सगळ्यांसमोर रडायला लागला.

"तो सांगाया निघायचा," सरू म्हणाली. "दर नव्याला म्हणायचा, आज सांगू. मीच नाय सांगू दिला. त्याच्यावर घालू नका."

"का?" सुनिता म्हणाली.

"तू गेली असतीस. पाट लावून. जवान होतीस, कोण थांबवणार? सपनीला नेली असतीस. माझा एक गेला होता ग. तिघां गेली असती." सरूने पहिल्यांदा मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते. नऊ वर्षांत कुठे कुठे रडून तिने ते आटवले होते, ते तिलाच माहीत. "मना तुला सोडवत नव्हता."

फागी म्हातारीने काठी हळूच आडवी ठेवली.

"मंग आता कशाला दिला कागद?" सुनिताचा आवाज अजूनही वर चढला नव्हता, त्याचीच प्रतिभाला भीती वाटत होती.

"दोन महिने धान्य बंद. दुकानवाला म्हणला, सगळ्यांचा अंगठा लागतो, थोरल्याला आण नायतर दाखला आण. कणगीत ठेवला होता, तो दिला. मना वाटला गपचूप खोडतील." मग ती प्रतिभाकडे बघून म्हणाली, "हिनी वाचायची चाल पाडली, ते मना ठाव होता. पण ही आधी मनात वाचते. घरचा नाव दिसला तं आधी माझ्याजवळ येईल, असा मना वाटला."

रागाने म्हणाली असती तर प्रतिभाने सहन केलं असतं. ती नुसतं सांगत होती. खरंच, एरवी ती आधी वाचायची. आजच, नारळापायी आणि भातापायी, तीनशे चाळीस घरांना तिने ते आधी सांगितलं आणि सुनिताला नंतर. दुसऱ्यांची नावं वाचताना ती कधी थांबली होती का? त्या प्रत्येक नावाच्या घरात कोणीतरी असंच हातात पळी घेऊन उभं असेल, हे तिला आजवर कधी सुचलं नव्हतं.

पंढरी तिच्याजवळ वाकला. "ऐक. पाचपर्यंत हरकत घेता येते ना? चूक झाली म्हण. आहे म्हण जिवंत. आईबद्दल लोक काय बोलतील? टपरीवर, शाळेत... नंतर बघू सावकाश."

"मी खोटी हरकत घेऊ?"

"घरासाठी."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मघाशी याच्यावर संशय घेतला, त्याची भरपाई आता हो म्हणून करता आली असती. फार मोह झाला. "ते माझं नाही ठरवायचं," ती म्हणाली. "तुझंही नाही."

सुनिता उठली. उंबऱ्याजवळचं पान तिने दोन्ही हातांनी उचललं, ओटीवर आणलं, आणि जिवाच्या पानाशेजारी, बापलेक बसतात तसं, टेकवून ठेवलं. आत जाऊन भाताचं पातेलं घेऊन आली. त्या पानावर तिने सगळ्यांत आधी वाढलं. भात, उडदाची डाळ, काकडीची फोड. वाढून झाल्यावर ती तिथेच थांबली.

"नऊ वरसां मी ह्याच्या पानातला जेवली," ती म्हणाली. "भूक लागली म्हणून जेवली. गोड लागायचा."

सरूने तिच्या पायाकडे हात नेला. सुनिताने पाय मागे घेतला नाही, पण वाकलीही नाही. "तुम्ही मना जाशील म्हणून डांबून ठेवली, आये. जायचा का राह्याचा, ते आता मी सांगीन. आज नाय सांगत. आज तोंडात काय येईल ते खरा नसंल."

मग तिने प्रतिभापुढे हात केला. "फोन दे. कुठं दाबायचा?"

"बाय, तू नको. मी सांगते लोकांना, नीट..."

"तू सांगलास ना एकदा. आता मना सांगू दे."

प्रतिभाने तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला. "दाबून ठेव. सोडलास की जातो."

सुनिताने फोन तोंडाजवळ धरला. सपना आईच्या पाठीला येऊन चिकटली. सोळा वर्षांत तिने आईच्या तोंडून बापाचं नाव कधी ऐकलं नव्हतं. आई नेहमी सपनीचा बा म्हणायची.

"मी सुनिता बोलते," सुनिता म्हणाली. "सात नंबरचा नाव बरोबर हाय. रोहिदास. माझा नवरा. आमच्या घरची हरकत नाय."

तिने अंगठा उचलला. निरोप गेला. सगळ्यांचे फोन एकामागोमाग वाजले, पण या वेळी कोणी तो लावला नाही. रस्त्यापलीकडच्या कुठल्यातरी घरात मात्र कोणीतरी लावला, आणि सुनिताचा आवाज भिंतीवरून परत अंगणात आला. रोहिदास. माझा नवरा. तो ऐकताना सुनिता सपनाला धरून खाली बसली. तिचं रडणं तेव्हा सुरू झालं.

फागी म्हातारी सरकत तिच्याजवळ गेली. पंढरी आईशेजारी जाऊन बसला. मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. प्रतिभा मधे उभी राहिली, कोणाकडे जावं हे न कळून.

सुनिताने रडतारडताच हात हलवला. "पुढची नावां वाच," ती म्हणाली. "लोक थांबलेत."

प्रतिभा पायरीवर बसली. या वेळी तिने आधी आठ, नऊ, दहा आणि अकरा ही नावं मनात वाचली, सावकाश, प्रत्येक नावाचं घर आठवून. नवव्या नावाच्या घरी आधी स्वतः जाऊन यायचं तिने ठरवलं आणि ते नाव बाजूला ठेवलं. मग बटण दाबलं.

"मी प्रतिभा भोये बोलते. तीन नंबरची फागीआय जिती हाय, ती आमच्या अंगणात बसलीय. आता आठ."